गॅरेजच्या दरवाज्याला पोचा आलाय: तेवढाच भाग दुरुस्त करावा का, हे कसं ठरवायचं?

गाडी मागे घेताना बंपर दरवाज्याला टेकतो, ठक्कन आवाज येतो. उतरून बघावं तर खालच्या पॅनेलला ताटलीएवढा पोचा. बटण दाबलं तर दरवाजा वर जातोय, खालीही येतोय. मग मन म्हणतं, चालतंय ना, बघू नंतर.

माझ्या दरवाज्याच्या बाबतीत मी हेच केलं. दीडेक महिना मोटर तो दरवाजा ओढत राहिली आणि एके सकाळी तो कमरेएवढा वर जाऊन तिरपा अडकला. आतून टॉर्च मारला तेव्हा खरं नुकसान दिसलं. पोचा खालच्या पॅनेलवर होता, पण त्याच्या वरच्या सांध्यावरची बिजागरी मुडपली होती. तिच्या स्क्रूंची भोकं फाटून लांबट झाली होती. तिथल्या चाकाचा दांडा वाकला होता आणि चाक रुळाच्या कडेला घासून घासून तिथे चकचकीत रेघ उठली होती. पहिल्या दिवशी ती बिजागरी आणि ते चाक बदललं असतं तर पॅनेल वाचलं असतं.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी हेच सांगतो: पोचा बघून निर्णय घेऊ नका, दरवाज्याची चाल बघून घ्या. चेपलेला पत्रा डोळ्यांना खुपतो, पण दुरुस्ती की बदल हा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूच्या सुट्या भागांवर सुटतो. हे तपासायचं कसं, ते ओळीने सांगतो. मी आडव्या पॅनेलांचा, बिजागऱ्यांवर दुमडत छताखाली जाणारा दरवाजा धरून लिहितोय. गुंडाळणाऱ्या शटरबद्दल पुढे थोडं येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

दरवाज्याचं वजन मोटर उचलत नाही, स्प्रिंग उचलते. दोन गाड्यांच्या रुंदीचा पत्र्याचा दरवाजा सत्तर-ऐंशी किलोच्या पुढे सहज जातो. तरी तो एका हाताने उचलता येतो, कारण स्प्रिंगने त्याचा तोल धरलेला असतो. ही स्प्रिंग एकतर दरवाज्याच्या वर दांड्यावर पिळलेली असते, नाहीतर दोन्ही बाजूंच्या आडव्या रुळांलगत ताणलेली असते. तिचा जोर केबलमधून दरवाज्याच्या तळाच्या दोन कोपऱ्यांपर्यंत पोचतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे मोटर चांगली असेल तर ती दरवाज्याचं दुखणं बराच काळ झाकून ठेवते. घासणारं चाक, वाकलेला रूळ, सैल बिजागरी, सगळ्यावर मात करत ती ओढत राहते. दुसरी गोष्ट जिवाची आहे. बंद दरवाज्याच्या स्प्रिंगमध्ये आणि केबलमध्ये प्रचंड ताण असतो. स्प्रिंगचे स्क्रू, वरच्या दांड्यावरचा केबल गुंडाळणारा ड्रम आणि तळाच्या कोपऱ्यातला केबल अडकवलेला ब्रॅकेट, या तीन ठिकाणांना स्वतः पाना लावायचा नाही. ब्रॅकेटचे बोल्ट दिसायला साधे असतात, आणि नवख्या माणसाचा हात नेमका तिथेच जातो.

पहिली पायरी: हात न लावता बघणं

मोटरचा प्लग काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की तपासणी होईपर्यंत दरवाजा वापरायचा नाही. दरवाजा अर्ध्यात अडकला असेल तर त्याच्याखालून ये-जा बंद करा आणि थेट कारागिराला बोलवा. अर्धवट उघड्या दरवाज्याची मोटरपासून सोडवायची दोरी ओढू नका. स्प्रिंग तुटलेली असली तर तो धाडकन खाली येईल.

दरवाजा नीट बंद असेल तर आत उभं राहून टॉर्च घ्या. टॉर्च समोरून न धरता बाजूने, पत्र्याला जवळजवळ चिकटवून धरा. तिरप्या उजेडात समोरून न दिसणारी लहर आणि घडी उठून दिसते. मग या क्रमाने बघा.

वरची स्प्रिंग. वेटोळ्यांच्या मध्येच दोन बोटांएवढी फट असेल तर ती तुटली आहे. तुटताना मोठा धमाका होतो, पण तेव्हा घरात कुणी नसेल तर कळत नाही. मग दोन्ही केबल. एक ताठ आणि दुसरी ढिली, किंवा तारेचे धागे सुटून पिंजलेले, यांपैकी काहीही दिसलं तरी इथेच थांबा. पुढच्या हातचाचण्या करायच्या नाहीत.

हे दोन्ही ठीक असेल तर पोच्याच्या वरचा आणि खालचा सांधा बघा. बिजागऱ्यांना चीर आहे का, स्क्रूभोवतीचा पत्रा फाटलाय का, चाकाचा दांडा सरळ आहे का. दोन पॅनेलांच्या कडा एकमेकींत जीभ आणि खाच अशा बसतात. ती जीभ चेपली असेल तर सांध्यातून उजेड दिसतो आणि पावसात पाणीही येतं. पॅनेलच्या मागे उभ्या पट्ट्या असतात, त्या दरवाज्याच्या बरगड्या. पोचा बरगड्यांच्या मधोमध असेल तर दुखणं पत्र्याचं आहे. बरगडीच वाकली असेल तर पॅनेलचा कणा गेलाय असं समजा.

शेवटी रूळ आणि चौकट. उभ्या रुळाशेजारी ओळंबा सोडा. रूळ भिंतीला धरणारे ब्रॅकेट हललेत का ते बघा. गाडीचा धक्का जोरात असेल तर चौकटच सरकलेली असू शकते. त्यासाठी दरवाज्याच्या मोकळ्या चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. सुरुवातीपासून गुण्यात, म्हणजे काटकोनात असलेल्या चौकटीचे कर्ण सारखे येतात. ठळक फरक असेल तर पॅनेल बदलून काही होणार नाही, आधी चौकट सरळ करावी लागेल.

दुसरी पायरी: चाल

स्प्रिंग आणि केबल शाबूत असतील तरच हे करा. दरवाजा पूर्ण बंद असताना मोटरपासून सोडवायची दोरी ओढा. आता दोन्ही हातांनी, मधोमध धरून, हळू वर घ्या. बोटं सांध्यांत घालू नका. दरवाजा बंद होताना तिथली फट चिमट्यासारखी मिटते.

वर नेताना कान उघडे ठेवा. एका ठराविक उंचीवरच अडखळत असेल तर तिथे खडूने खूण करा आणि त्या वेळी कोणतं चाक रुळाच्या वळणावर आहे ते बघा. गुन्हेगार बहुतेक तेच चाक किंवा त्याची बिजागरी असते. सगळीकडेच जड लागत असेल तर तो तोलाचा प्रश्न आहे.

तोल बघायला दरवाजा कमरेच्या उंचीवर आणा आणि जोर कमी करत करत हात सैल सोडा, पण जवळच ठेवा. जिथल्या तिथे थांबला, थोडासाच हलला, तर तोल ठीक. खाली बसायला लागला तर स्प्रिंग थकलीये किंवा दरवाज्याचं वजन वाढलंय. लाकडी दरवाजा पाणी पिऊन असा जड होतो. आपोआप वर जायला लागला तर स्प्रिंगचा जोर जास्त आहे. दोन्ही बाबतींत स्प्रिंगचं काम कारागिराचं.

या पायरीवर बऱ्याच जणांचा प्रश्न सुटलेला असतो. चाल मऊ, तोल नीट, सांधे मिटलेले आणि बरगड्या सरळ असतील तर तुमच्याकडे फक्त दिसण्याचा प्रश्न उरलाय. त्याला घाई नाही. चाल बिघडली असेल तर पोचा कितीही छोटा असो, दुरुस्ती आज करायची.

दरवाजा कशाचा आहे?

एकेरी पत्र्याचा, आतून उघडा असेल तर उथळ, गोलसर पोचा मागून दाबून बराचसा बाहेर येतो. बाहेरून लाकडाचा सपाट ठोकळा धरायचा आणि आतून रबरी हातोडीने कडेकडून मध्याकडे हलके ठोके द्यायचे. मधोमध जोरात ठोकलं की पत्रा ताणतो आणि मग तो आत-बाहेर टकटक उडत राहतो. हेअर ड्रायरने तापवून गार हवेचा फवारा मारायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. अगदी उथळ पोच्यावर ती कधीकधी लागू पडते, घडी पडलेल्या पत्र्यावर नाही. धारदार घडी पडली की तिथला पत्रा कायमचा वाकला. तिथे सपाट केल्यासारखं करून पुट्टी, घासकाम, प्रायमर आणि रंग एवढंच हातात राहतं. रंग तडकला असेल तर तेवढी जागा लगेच घासून प्रायमर लावा. पोचा वर्षभर राहिला तरी बिघडत नाही, पण उघडा पडलेला पत्रा गंज धरतो.

दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला दरवाजा असेल तर मागून ठोकण्यात अर्थ नाही, तुमच्या आणि पोच्याच्या मध्ये फोम आहे. तिथे बोटाच्या पेराने टकटक करून बघा. चांगल्या जागी भरीव आवाज येतो, पत्रा फोमपासून सुटला असेल तिथे पोकळ. सुटलेला भाग मोठा असेल तर पॅनेलची ताकद गेली, कारण अशा पॅनेलमध्ये दोन पत्रे आणि फोम मिळूनच ताठपणा येतो.

ॲल्युमिनियम मऊ, लवकर चेपतं, आणि पुन्हापुन्हा ठोकलं तर चिरतं. त्याच्या चौकटीत काच किंवा ॲक्रिलिकच्या खिडक्या असतील तर नुसता तो तुकडा बहुतेक वेळा वेगळा बदलता येतो. फायबरच्या पॅनेलची छोटी चीर रेझिन आणि जाळीने भरून येते. लाकडात स्क्रू ड्रायव्हरचं टोक टोचून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय, आणि कूज दिसते त्यापेक्षा नेहमी थोडी लांब पसरलेली असते. टणक लाकूड लागेपर्यंत टोचत जा, मगच किती भाग बदलायचा ते ठरवा.

गुंडाळणाऱ्या शटरचं काम यापेक्षा सोपं. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि बाजूला सरकवून निघतात, त्यामुळे दोन-चार पट्ट्या बदलणं ही नेहमीची दुरुस्ती आहे. तिथे बाजूचे चॅनेल वाकलेत का तेवढं नीट बघा. एकाच अखंड झडपेच्या, झुकून वर जाणाऱ्या दरवाज्यात मात्र भाग बदलायला भागच नसतो. तिथे पत्रा सरळ करणं किंवा अख्खी झडप बदलणं हेच दोन मार्ग.

एकच पॅनेल बदलायचं ठरलं तर

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

पॅनेल आधी मिळायला हवं. दरवाज्याच्या आतल्या बाजूला, कडेला किंवा तळाच्या पॅनेलवर बनवणाऱ्याचा स्टिकर असतो. त्यावरचा मॉडेल आणि अनुक्रमांक याचा फोटो काढा. स्टिकर नसेल तर मापं घ्या: दरवाज्याची रुंदी, प्रत्येक पॅनेलची उंची, जाडी, आणि बाहेरच्या नक्षीच्या चौकोनांची संख्या. ७ फुटी दरवाज्यात बऱ्याचदा २१ इंचांची ४ पॅनेलं असतात, पण ती गृहीत धरू नका, प्रत्येक मोजा. सांध्याचा आडवा छेदही हवा, म्हणून कडेने जीभ-खाच दिसेल असा फोटो घ्या. दुसऱ्या कंपनीचं पॅनेल लांबी-रुंदीला जुळलं तरी ही खाच जुळत नाही, आणि खाच जुळली नाही की सांधा कधीच मिटत नाही.

दुसरं, वजन. जुनं पॅनेल एकेरी पत्र्याचं आणि नवं फोमवालं घेतलं तर दरवाजा जड होतो. स्प्रिंग जुन्या वजनाला लावलेली असते, त्यामुळे जास्तीचा भार मोटरवर जातो. पॅनेल बदलल्यावर स्प्रिंगचा तोल पुन्हा लावणं हे दुरुस्तीचाच भाग आहे. कारागिराने ते वगळून हिशोब दिला तर विचारा.

तिसरं, बिजागऱ्या. जवळून बघा, कडेच्या बिजागरीवर बहुतेक एक अंक ठोकलेला असतो: १, २, ३. सगळ्यात खालच्या सांध्याला १, त्याच्या वर २, अशा त्या चढत जातात. वर जाताना चाक पॅनेलपासून थोडं थोडं दूर धरलं जावं, म्हणजे बंद दरवाजा चौकटीला टेकून बसतो आणि उघडताना सुटून येतो, म्हणून ही रचना. दिसायला त्या जवळपास सारख्या असतात. १ च्या जागी ३ लावली की दरवाजा तिथे फट सोडतो किंवा रुळात आवळतो. काढण्याआधी प्रत्येकीची जागा मार्करने लिहून ठेवा.

कोणतं पॅनेल बदलायचंय यावरही बरंच अवलंबून आहे. सगळ्यात वरचं काढायला सोपं, कारण त्याच्यावर काही नसतं, पण मोटरचा दांडा त्यालाच जोडलेला असतो. ती जागा फाटली असेल तर नुसतं पॅनेल बदलू नका, मागे आडवी मजबुतीची पट्टी टाकून घ्या, नाहीतर नवंही तिथेच फाटेल. मधलं काढायला वरची सगळी उतरवावी लागतात. सगळ्यात खालचं, गाडीचा धक्का जे नेहमी खातं, ते तर केबलला जोडलेलं असतं, म्हणून ते हमखास कारागिराचं काम आहे.

रंग जुळणार नाही, हे आधीच मान्य करा. उन्हात राहिलेल्या दरवाज्याचा आताचा फिका रंग कारखान्यातल्या डब्यात नसतो. ते खटकणार असेल तर अख्खा दरवाजा रंगवण्याचं काम दुरुस्तीच्या हिशोबात आत्ताच धरा. आणि दरवाजा वादळी वाऱ्याला टिकण्याचं प्रमाणपत्र असलेला असेल तर बनवणाऱ्याने सांगितलेलंच पॅनेल आणि त्याच पट्ट्या हव्यात. ते प्रमाणपत्र अख्ख्या जोडणीचं असतं, सुट्या पॅनेलचं नाही.

तिसरी पायरी: हिशोब

आता दोन आकडे समोर ठेवा. एक, भाग दुरुस्तीचा पूर्ण खर्च: पॅनेल, बिजागऱ्या, चाकं, मजुरी, स्प्रिंगचा तोल आणि रंग. दुसरा, नव्या दरवाज्याचा, बसवण्यासकट. दुरुस्ती नव्याच्या निम्म्याच्या पुढे जायला लागली की नवा बघावा, असा जुना ठोकताळा आहे. तो मला पटतो, पण त्यात दरवाज्याचं वय मिसळायला हवं.

वय मोजायचं ते स्प्रिंगवरून. साधी स्प्रिंग साधारण १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते, एकदा उघडणं आणि बंद करणं म्हणजे एक फेरी. रोज ४ फेऱ्या धरल्या तर २,५०० दिवस, म्हणजे सातेक वर्षं. तुमची स्प्रिंग त्या टप्प्याला आली असेल, पत्र्याला तळाशी गंज असेल, चाकं खुळखुळत असतील, तर आज एका पॅनेलवर खर्च करून वर्षभरात पुन्हा तेवढाच करण्याची वेळ येईल. उलट तीन-चार वर्षांच्या धडधाकट दरवाज्याचं एकच पॅनेल गेलं असेल तर कुणी अख्खा बदला म्हणालं तरी डगमगू नका. दुसऱ्या कारागिरालाही दाखवा.

माझा कल असा: बिजागरी, चाक, तळाचं रबर, केबल आणि रुळाचा तुकडा यांसाठी अख्खा दरवाजा कधीच बदलू नये. एक पॅनेल गेलं आणि तसंच मिळतंय, तर ते बदलावं. दोन गेली तर हिशोब मांडावा. तीन गेली, किंवा पॅनेल बनणंच बंद झालं, तर नवा घ्यावा. जुन्या दरवाज्यांची चांगली पॅनेलं कारागिरांकडे कधीकधी पडून असतात, तेवढी चौकशी आधी करा. गाडीच्या धडकेत नुकसान झालं असेल तर काही उघडण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला विचारा.

कारागिराला बोलावलंत की हे प्रश्न सरळ विचारा: बिजागऱ्या आणि चाकं त्यात धरलीत का? तोल लावून देणार का? नव्या पॅनेलचं वजन जुन्याइतकंच आहे का? ज्याने दरवाजा मोटरपासून सोडवून, हाताने वर-खाली करून न बघताच आकडा सांगितला, त्याच्यावर मी तरी विसंबणार नाही.

काम झाल्यावर

पैसे देण्याआधी कारागिरासमोरच तीन गोष्टी करून बघा. मोटरविना हाताने उचलून तोल बघा, तुम्ही आधी बघितलात तसाच. मग मोटर जोडून, दरवाज्याच्या वाटेत जमिनीवर साधारण दीड इंच जाडीचं लाकूड आडवं ठेवा आणि दरवाजा खाली सोडा. लाकडाला टेकताच तो परत वर जायला हवा. शेवटी बंद होताना खालच्या सेन्सरसमोरून झाडूचा दांडा फिरवा, तेव्हाही तो उलटा फिरायला हवा. हे सेन्सर जमिनीपासून ६ इंचांच्या वर असू नयेत, लहान मूल रांगत आलं तरी दिसावं म्हणून. पॅनेल बसवताना ते हलले असतील तर दरवाजा बंद होताना मध्येच परतेल. ते सरळ करून घ्या. दरवाजा बंद होतो म्हणून सेन्सरची वायर काढून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

बिजागऱ्या आणि चाकांच्या बेअरिंगला सिलिकॉन किंवा लिथियम ग्रीसचा हलका हात द्या. रुळात ग्रीस भरू नका, त्यावर धूळ बसून चिकट थर होतो. रूळ नुसता कोरड्या फडक्याने पुसायचा.

नव्या पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि मॉडेल क्रमांक लिहून ठेवा. महिनाभराने एकदा पाना घेऊन नव्या बिजागऱ्यांचे बोल्ट तपासा. सुरुवातीच्या धक्क्यांनी ते थोडे सैल होतात. तळाच्या कोपऱ्यातले केबलचे दोन ब्रॅकेट तेवढे सोडून.